अ‍ॅक्रिलिक नखं: या महिन्यात फक्त रिमूव्हल

या खेपेला नवीन डिझाईन काही नाही. दाखवण्यासारखी आहेत ती मामेबहिणीची उघडी नखं, अ‍ॅक्रिलिक काढल्यानंतरची. माझ्या लेखी आतापर्यंतचं सगळ्यात चांगलं काम तेच.

नखं करून घ्यायला कुणीही बसलं की पहिला प्रश्न ठरलेला: "माझी नखं खराब तर नाही ना होणार?" सोबत आई आली असेल तर "हवा लागत नाही, कुजतात आतल्या आत" ही भर. यावर "काही होत नाही हो" म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. खराब होतात की! पण बहुतेकदा दोष अ‍ॅक्रिलिकचा नसतो, हाताचा असतो. नखाचा दिसणारा भाग मृत केराटिनचा. पोषण मिळतं ते मुळाशी, रक्तातून. म्हणजे हवेचा मुद्दा निकालात. पण नखाची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. त्यावर ड्रिल दाबून फिरवलं किंवा चिकटलेला सेट (बोटांवर बसवलेली नखं) उचकटला, की नखाचे वरचे थरही सोबत जातात.

बहिणीचा आधीचा सेट एका पार्लरमधला. काढताना तिच्या अनामिकेवर क्युटिकलजवळ (नखाच्या मुळाशी असलेली कातडी) अर्धगोल लाल चर पडला होता. ड्रिलचं बिट, म्हणजे फिरणारं टोक, तिरकं धरलं की हे होतं. दुखणं थांबेपर्यंत मी त्या बोटाला हातच लावला नाही, आणि नंतर नवीन सेट करताना मुद्दाम क्लिअर, म्हणजे पारदर्शक, पावडर वापरली, म्हणजे खालचं दिसत राहील. असा चर भरून येत नाही, नखासोबत पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, त्यामुळे दर रिफिलला (नख वाढून मोकळी झालेली जागा भरताना) तिला तो पुढे गेलेला दिसायचा आणि मागून येणारं नख गुळगुळीत. माझ्या बोलण्यापेक्षा त्यानेच तिची भीती गेली.

प्रेप, म्हणजे नखाची आधीची तयारी, मी आता अगदी कमी करते. क्युटिकल मागे, नखाला चिकटलेली मेलेली कातडी साफ, मग १८० ग्रिटच्या फाईलने चकाकी जाईल इतकंच. पातळ नख असेल तर २४०, ती जास्त बारीक. वर ओलावा काढणारा डिहायड्रेटर आणि अ‍ॅसिड-फ्री प्रायमर. बीड, म्हणजे लिक्विडमध्ये भिजवलेल्या ब्रशवर उचललेला पावडरचा गोळा, जास्त ओली झाली की ओघळून कातडीवर जाते, आणि कच्चा मोनोमर (तेच लिक्विड) कातडीला वारंवार लागला तर अ‍ॅलर्जी जडू शकते, ती बहुधा कायमची. म्हणून कडेने केसभर जागा सोडायचीच. लिक्विडचं म्हणाल तर बाटलीवर ईएमए (इथाइल मेथाक्रिलेट) लिहिलेलं नसेल तर घेऊ नका. एमएमए (मिथाइल मेथाक्रिलेट) स्वस्त पडतं, पण वास उग्र, अ‍ॅसिटोनला दाद देत नाही, आणि इतकं कडक की दारात बोट अडकलं तर आधी मोडतं ते खालचं खरं नख. निव्वळ एमएमएच्या लिक्विडवर अमेरिकेत १९७० च्या दशकातच कारवाई झाली होती.

आता रिमूव्हल. आधी फाईलने जाडी उतरवली, पण नखालगतचा पातळ थर तसाच ठेवला. भोवतीच्या कातडीला खोबरेल, मग अ‍ॅसिटोनचा कापूस आणि फॉइल. वीसेक मिनिटांनी एक बोट उघडलं तर वरचा थर पाण्यात पडलेल्या पापडासारखा सुरकुतलेला. लाकडी स्टिकने हलकेच ढकललं, सुटलं तेवढंच घेतलं. अंगठ्याचं अडलं. "ओढ ना गं पटकन," बहिणीची घाई. नाही ओढलं, पुन्हा फॉइल, अजून दहा मिनिटं, आणि आपसूक आलं. नखं थोडी कोरडी, दोन-तीन ठिकाणी पांढुरकी, बाकी स्वच्छ. आधीच्या जाडीची सवय झाल्याने काही दिवस ती लेचीपेची वाटतात, हे मात्र आधीच सांगून ठेवा, नाहीतर "पातळ केलीस" म्हणून फोन येतो.

रिफिल दोन-तीन आठवड्यांनी, आणि मध्येच लिफ्टिंग झालं, म्हणजे कड नखापासून सुटली, तर घरच्या घरी ग्लू लावायचा नाही, हे मी प्रत्येकीला बजावते. फटीत ओल राहिली की स्युडोमोनास जिवाणूमुळे नख हिरवट पडतं. जिला रोज कणीक मळायची, भांडी घासायची, तिला लांब कॉफिन शेप (टोकाकडे निमुळता, टोक सपाट) मी सरळ नाही म्हणते. लांबी वाढली की धक्क्याचा ताण खऱ्या नखावर येतो.

सध्या अडतंय ते उकाड्याने. बीड क्युटिकलपाशी नेईपर्यंत घट्ट व्हायला लागते. एसी नसलेल्या खोलीत तुम्ही काय करता? मी सध्या सकाळी लवकरच्याच वेळा देतेय.