दाढेखालचा मोर्स टेपर

"काका, हाड इथपर्यंत असायला हवं होतं. तुमचे दोन आटे उघडे पडलेत." दादरच्या डॉक्टरांनी एक्स-रे पडद्यावर मोठा करून पेन्सिलीच्या टोकाने दाखवलं. दाताच्या इम्प्लांटच्या, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या टायटॅनियमच्या स्क्रूच्या, मानेभोवती बशीसारखा खड्डा दिसत होता. रेल्वेच्या माटुंगा वर्कशॉपमध्ये मी तीस वर्षं फिटर होतो, आट्याची भाषा मला लगेच कळते. पोटात गोळाच आला.

ही उजवीकडची खालची दाढ मी २०१७ साली उपनगरातल्या एका दवाखान्यात बसवून घेतली. तेव्हा किंमत विचारली, गॅरंटी विचारली. हाडातला स्क्रू आणि त्यावरचा कॅप धरणारा भाग यांचा जोड कुठे येतो, मान कशी आहे, हे विचारायचं सुचलंच नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. सहा वर्षांनी ब्रश करताना रक्त येऊ लागलं, मग हिरडी दाबली की पू. दुखत मात्र नव्हतं, म्हणून पाच महिने अंगावर काढलं. ते करायला नको होतं.

जुन्या इम्प्लांटचा जोड सपाटावर सपाट बसणारा, तोही नेमका हाडाच्या कडेला. असा जोड कितीही आवळला तरी चावताना कणभर हलतो. त्या फटीत जंतू राहतात, सूज धरते आणि सुजेपासून हाड खाली सरकतं. मानही गुळगुळीत होती. खडबडीत टायटॅनियमला हाड जसं धरतं तसं गुळगुळीतला धरत नाही. त्यात कॅप चिकटवतानाचं सिमेंट हिरडीखाली राहून गेलेलं. "सगळा दोष डिझाइनवर टाकू नका, तुमची साखरही बघा," असं डॉक्टरांनी बजावलं. ते खरंच होतं.

पहिल्या वर्षात एक-दीड मिलिमीटर आणि पुढे दरवर्षी ०.२ मिलिमीटरच्या आत हाड उतरलं तर चालतं, असा या विद्येतला जुना हिशेब आहे. पण माझ्याकडे कॅप बसवली त्या दिवसाचा एक्स-रेच नव्हता. कधी किती उतरलं, कशावरून मोजणार?

डावीकडेही एक दाढ पडलेली होती. तिथे नवा इम्प्लांट घालायचा ठरला तेव्हा डॉक्टरांनी नमुना माझ्या हातात दिला. वरचा भाग निमुळता. आत दाबला, किंचित फिरवला आणि तो बसला तो बसलाच, बोटांनी निघेना. मी म्हटलं, "हा तर मोर्स टेपर!" ड्रिल मशीनच्या फिरत्या दांड्यात निमुळत्या बुडाचा ड्रिल असाच नुसत्या घट्टपणाने धरून बसतो, काढायला ड्रिफ्ट, म्हणजे पाचर, ठोकावी लागते. डॉक्टर म्हणाल्या, "आम्हीही त्याला मोर्स टेपरच म्हणतो." फार बरं वाटलं. ज्या जोडावर आयुष्यभर विश्वास टाकला, तोच जबड्यात जाणार होता.

वरचा भाग खालच्या इम्प्लांटपेक्षा अरुंद होता. त्यामुळे जोडाची फट हाडाच्या कडेपासून आत सरकते. याला प्लॅटफॉर्म स्विचिंग म्हणतात आणि ते योगायोगाने सापडलं. रुंद इम्प्लांट आले तेव्हा त्यांच्या मापाचे वरचे भाग मिळत नव्हते, म्हणून अरुंदच बसवले गेले. पुढे एक्स-रे काढले तर तिथलं हाड कमी उतरलेलं. वर्कशॉपमध्येही अशा अडचणीतूनच कितीतरी युक्त्या निघाल्या.

आधी साखर आटोक्यात आणली, मग स्कॅन. इम्प्लांट घातल्यावर तीन महिने थांबलो. कॅप मी आग्रहाने स्क्रूचीच घेतली, सिमेंट नको म्हणून. त्याच दिवशी एक्स-रे काढून घेतला.

जुन्या बाजूची हिरडी उघडून सिमेंटचे कण काढले, आटे घासून साफ केले. रक्त थांबलं. गेलेलं हाड मात्र परत आलं नाही, दोन आटे अजून तसेच उघडे आहेत. नव्या बाजूला वर्षानंतर हाड मानेच्या कडेपर्यंत टिकून आहे. दोन्हींचे एक्स-रे तारीख घालून फायलीत लावलेत, पुढचा फेब्रुवारीत काढायचा आहे.