नवी आवृत्ती मिळते, मग जुनं पुस्तक पोस्टाने कशाला?

भयकथा लिहिणारे नारायण धारप आता छान नव्या छपाईत मिळतात, घरबसल्या मागवता येतात. मग तुम्ही मंडळी ती पिवळी पडलेली, वाचनालयाचे शिक्के बसलेली पुस्तकं अनोळखी माणसांकडून पोस्टाने का मागवता? आणि वर स्वतःजवळची त्यांना का देऊन टाकता? हे मला लग्नकार्यात विचारतात, ऑफिसात विचारतात, पोस्टाच्या काउंटरवर तर हमखास. आम्ही काही जण जुन्या मराठी भयकथांच्या पुस्तकांची पोस्टाने अदलाबदल करतो. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

पहिली गोष्ट, सगळं काही पुन्हा छापलेलं नाही. धारपांचं (१९२५–२००८) नशीब त्या मानाने चांगलं. २०१८ साली ‘तुंबाड’ हा सिनेमा आला, त्यातल्या आजीचं बीज धारपांच्या ‘आजी’ या कथेत आहे हे सगळीकडे झालं, आणि शाळा सुटल्यापासून मराठी पुस्तक न उघडलेली पोरंही धारप मागायला लागली. साकेत प्रकाशनाने त्यांची बरीच पुस्तकं परत बाजारात आणली. रत्नाकर मतकरींच्या गूढकथाही मिळतात. पण त्या काळात अंगावर काटा आणायचं काम काही हे दोघेच करत नव्हते. अनंत अंतरकरांनी सुरू केलेल्या ‘नवल’ या मासिकाचे जुने दिवाळी अंक चाळा. कितीतरी लेखकांच्या कथा सापडतात, ज्यांचं पुढे पुस्तक झालंच नाही. ती कथा वाचायची तर तो अंकच हवा. आणि अंक कुणाच्या तरी माळ्यावर असतो, दुकानात नसतो.

दुसरं कारण जरा वेगळं आहे. भयकथा ही आपल्याकडे विकत घेऊन काचेच्या कपाटात मांडायची वस्तू कधी नव्हतीच. कपाटात कादंबऱ्या, चरित्रं, ज्ञानेश्वरी. भुताचं पुस्तक वाचनालयातून आणायचं, दोन रात्रींत संपवायचं, घरातल्या मोठ्यांनी ‘हे काय वाचतेस’ म्हणायच्या आत परत करायचं. वाचनालयंही ती पुस्तकं पार झिजेपर्यंत वापरत. मूळचं रंगीत मुखपृष्ठ फाटलं की जाड पुठ्ठ्याची बांधणी, कण्यावर शाईने क्रमांक, आत तारखांची चिठ्ठी. पुढे वाचनालय बंद पडलं किंवा पुस्तक अगदीच खिळखिळं झालं की किलोवर रद्दीत. म्हणून आमच्या छंदात ‘कोरी प्रत’ हा प्रकार जवळपास नाहीच. जे उरलंय ते शेकडो हातांतून गेलेलं आहे.

आणि खरं सांगू का, मला तेच आवडतं. माझ्याकडच्या एका कादंबरीच्या समासात पेन्सिलीने लिहिलंय, ‘पुढे काही नाही. उगाच घाबरवलंय.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘खोटं. पान १४० बघा.’ दुसऱ्या एका पुस्तकाचं शेवटचं पान गायब होतं, तर कुणीतरी दुसऱ्या प्रतीवरून तो सगळा मजकूर निळ्या बॉलपेनने रेघी कागदावर उतरवून, कापून, त्याच मापात चिकटवला होता. खाली पानाचा आकडासुद्धा घातलेला. नव्या छपाईत हे कुठून मिळणार?

भयकथेत शेवटचं पान म्हणजे जीव, म्हणून अदलाबदल ठरवताना आमचा पहिला प्रश्न ‘कितवी आवृत्ती’ हा नसतो. ‘शेवटचं पान आहे ना?’ हा असतो. मग शीर्षकपान, शिक्क्याचं पान, कसर लागलेली जागा यांचे फोटो. पुस्तकाला पुस्तक, जाडी बघायची नाही, आणि पैसा मध्ये आणायचा नाही. सिनेमानंतर काही विक्रेत्यांनी एक आकडी छापील किमतीच्या पुस्तकांना जे भाव लावले, ते पाहून हा शेवटचा नियम आम्ही आणखी कडक केला. बेळगावच्या एक काकू तर म्हणतात, ‘विकायचं असतं तर मी ह्यांचं गणिताचं कपाट आधी विकलं असतं.’

बांधाबांध मात्र शिकावी लागते. आलेलं पुस्तक आधी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून काही दिवस डीप फ्रीझरमध्ये. त्याने कसर मरते. सासूबाई अजून मटारांच्या शेजारी पुस्तक बघून दचकतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, नाहीतर पानांना ओल धरते. पाठवताना प्लास्टिक, मग दोन्ही बाजूंनी पुस्तकापेक्षा बोटभर मोठे पुठ्ठे, मग खाकी कागद. कोपरे वाचले तर पुस्तक वाचलं. चिकटपट्टी पुस्तकाला थेट लावणाऱ्याशी मी दुसऱ्यांदा व्यवहार करत नाही.

पूर्वी यासाठी साधा बुक पोस्ट होता. पाकीट तपासता येईल असं ठेवायचं आणि आत खासगी चिठ्ठी घालायची नाही. चिठ्ठीचीच तर खरी खाज असायची, मग वेगळं आंतर्देशीय टाकायचं. मे २०२५ पासून टपाल खात्याची ‘ज्ञान पोस्ट’ आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर, आणि पार्सल कुठे पोचलंय ते बघता येतं. नियतकालिकं तिच्यात बसत नाहीत, त्यामुळे दिवाळी अंक स्पीड पोस्टाने. ही सेवा शैक्षणिक, सामाजिक, सांस्कृतिक आणि धार्मिक पुस्तकांसाठी आहे. आमच्या नाशिकच्या पोस्टात काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, ‘भुताची पुस्तकं यातल्या कशात टाकू, मॅडम?’ मी म्हटलं, ‘सांस्कृतिक.’ रांगेत मागे उभे असलेले आजोबा म्हणाले, ‘धार्मिकही चालेल हो, समर्थ आहेत ना त्यात!’ धारपांच्या कथांत भुताखेतांच्या संकटातून सोडवणारे समर्थ त्यांना पाठ होते. त्यांच्याकडे काय काय आहे ते विचारेपर्यंत माझा नंबर आला आणि ते पलीकडच्या खिडकीला गेले. ही हळहळ अजून आहे.

हा वेडेपणा आपलाच आहे असंही समजू नका. इंग्रजीत विल्यम होप हॉजसन नावाचा लेखक होता. १९०७ ते १९१२ या काळात त्याने चार अजब कादंबऱ्या लिहिल्या आणि १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात तोफगोळ्याने मारला गेला. पुस्तकंही विस्मरणात गेली. न्यूयॉर्कच्या एच. सी. केनिग या संग्राहकाजवळ ती होती. १९३४ मध्ये त्याने ती एच. पी. लव्हक्राफ्ट या अमेरिकन भयकथाकाराला टपालाने वाचायला पाठवली, आणि लव्हक्राफ्टच्या मित्रमंडळातही ती अशीच फिरली. लव्हक्राफ्टने भयसाहित्यावरच्या आपल्या निबंधात हॉजसनवर मुद्दाम मजकूर वाढवला. १९४६ साली अर्कहॅम हाऊस या प्रकाशनाने त्या चारही कादंबऱ्या एका ग्रंथात छापल्या. हॉजसन आज वाचला जातो, यात त्या पार्सलांचा मोठा वाटा आहे. केनिगने ती कपाटात कुलूप लावून ठेवली असती तर?

लव्हक्राफ्ट स्वतःही या बाबतीत सढळ होता. १९३३ मध्ये मिलवॉकीच्या एका शाळकरी मुलाने त्याला पत्र लिहिलं की तुमच्या जुन्या कथा कुठे मिळतील. लव्हक्राफ्टने त्या स्वतःच वाचायला पाठवायची तयारी दाखवली. तो मुलगा म्हणजे रॉबर्ट ब्लॉक, पुढे ‘सायको’ लिहिणारा. आपल्याकडे धारपांच्या मागेही परदेशी भयकथांचं वाचन होतंच. लव्हक्राफ्ट आणि स्टीफन किंगच्या खुणा त्यांच्यात जागोजाग सापडतात. एका देशातलं भूत दुसऱ्या देशात जातं ते पुस्तकातूनच.

राहिला अनोळखी माणसाचा प्रश्न. फसवणूक होते का? क्वचित. एका गृहस्थांनी माझ्याकडची दुर्मीळ प्रत घेतली आणि बदल्यात आजवर ‘उद्या टाकतो’ एवढंच दिलं. पण चंद्रपूरचे एक निवृत्त वनखात्यातले काका आहेत. मी कधी त्यांना भेटलेले नाही, आवाज तेवढा ओळखते. त्यांनी मतकरींचा एक जुना संग्रह ‘आधी तू वाच, मग काय द्यायचं ते ठरव’ म्हणून पाठवला. मी धारपांची, ते मतकरींचे. त्यांचं म्हणणं, धारपांचं संकट बाहेरून येतं आणि समर्थ ते निस्तरतात. मतकरींकडे ते घरातल्याच माणसाच्या डोक्यात असतं, त्याला कुठला समर्थ पुरणार? मला हे पटत नाही, पण उत्तरही सुचलेलं नाही. सध्या त्यांना पाठवायला धारपांच्या ‘लुचाई’ची शिक्क्यांनी भरलेली प्रत बांधून ठेवली आहे.

तुमच्या माळ्यावर जुने ‘नवल’ असतील तर रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मला कळवा. पोस्टाचा खर्च माझा, आणि बदल्यात काय हवं ते तुम्ही सांगा.