मेनोरेहच्या डोंगरात घर बघायला जाताय? आधी कागद, मग देखावा

इंडोनेशियात, जावा बेटावर, योग्याकार्ता शहराच्या पश्चिमेला मेनोरेहची डोंगररांग आहे. अलीकडे कुलोन प्रोगो जिल्हा, पलीकडे मागेलांग जिल्हा आणि बोरोबुदुरचं बौद्ध स्मारक. 'पुण्यातल्या वन बीएचकेच्या पैशात जावात बंगला आणि भाताची खाचरं' अशा भूलथापांना भुलून इकडे निघणाऱ्यांसाठी हा वृत्तांत. खाचरं आहेत, धुकं आहे, आकाश मोकळं असेल तर समोर मेरापी ज्वालामुखीही दिसतो. बंगला मात्र तुमच्या नावावर होत नाही, आणि दलाल नेमकं हेच सांगत नाहीत.

किनाऱ्यालगतच्या नव्या विमानतळावरून शहरात जायला रेल्वे आहे, ४० मिनिटांच्या आसपास. त्यात सांगण्यासारखं काही नाही. घाम फुटतो तो डोंगरातल्या समिगालुह तालुक्याच्या वरच्या वाड्यांकडे जाताना. रस्ता डांबरी किंवा काँक्रीटचा आहे, पण चढ असे की गिअर नसलेली स्कूटर दोन माणसं घेऊन मध्येच दम टाकते. चढापेक्षा उतार वाईट. या गाड्यांना इंजिनाचा ब्रेक जेमतेम मिळतो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐन वळणावर लागेनासे होतात. भाड्याने घेताना गिअरची, तिथे 'बेबेक' म्हणतात ती गाडी मागा आणि उतारावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच राहा. स्कूटरच मिळाली तर थांबत थांबत उतरा. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नका. पावसाळा साधारण नोव्हेंबर ते मार्च. त्या दिवसांत दुपारनंतर या रस्त्यावर जाऊच नका, दरडी येतात.

आता कागद. इंडोनेशियाच्या १९६० च्या जमीन कायद्यानुसार पूर्ण मालकी, म्हणजे 'हाक मिलिक', व्यक्तींमध्ये फक्त तिथल्या नागरिकांना मिळते. परदेशी माणसाला घर घेण्याची अधिकृत वाट 'हाक पाकाई' या वापर-हक्काची. मुदत ३० वर्षं, पुढे २० ची वाढ आणि ३० चं नूतनीकरण. पण त्याला किमान किमतीची अट आहे, योग्याकार्ता प्रांतात ५ अब्ज रुपिया. म्हणजे ज्या स्वस्त घरासाठी तुम्ही एवढा डोंगर चढलात, नेमकं तेच घर तुम्हाला विकत घेता येत नाही.

इथे दलाल हसून म्हणतो, 'गावातल्या कोणाच्या तरी नावावर करू.' उठा आणि निघा. या व्यवस्थेत कागदांचा गठ्ठा असतो: खोटा कर्जकरार, विक्रीचं कुलमुखत्यारपत्र, 'पैसे यांचे आहेत' असं निवेदन आणि वर एक भाडेकरार. दिसायला भक्कम, किंमत शून्य. त्याच कायद्याचं २६ वं कलम सांगतं की आडमार्गाने परदेशी माणसाकडे मालकी देणारा व्यवहार रद्द, जमीन सरकारजमा, दिलेले पैसे परत मागता येत नाहीत. मागे न घेता येणारं कुलमुखत्यारपत्र वापरून जमीन फिरवण्यावर १९८२ पासून बंदी आहे. ज्याच्या नावावर जमीन केली तो भला असेलही. त्याच्या पश्चात त्याच्या मुलांना तुमच्याशी काय देणंघेणं?

भाड्याने घेतानाही मालकाचा कागद तपासावाच लागतो, आणि खेड्यात हीच सगळ्यात किचकट पायरी. तुम्हाला दाखवतील ती बहुतेकदा एसपीपीटी, म्हणजे जमिनीच्या वार्षिक कराची नोटीस. ती आपल्या घरपट्टीच्या पावतीसारखी आहे. तिला सातबारा समजू नका. दुसरा कागद 'गिरिक' किंवा 'लेटर सी'चा उतारा. मूळ वही ग्रामकार्यालयात असते. पानावर मालकाचं नाव, तुकड्याचा नंबर, भातजमिनीला 'एस' आणि कोरडवाहूला 'डी' असा वर्ग, आणि वाटण्या होत गेल्या तशा मारलेल्या काटछाटी. ज्या पानावर खाडाखोड आहे पण तारीख आणि कारण नाही, ती जमीन सोडून द्या. हे जुने कागद नोंदणीसाठी आणायला २०२१ च्या नियमांनी ५ वर्षांची मुदत दिली होती. फेब्रुवारी २०२६ नंतर ते मालकीचा पुरावा म्हणून चालत नाहीत, फक्त जमीन कुठली हे दाखवायला उपयोगी.

हवं असतं ते 'सर्टिफिकाट'. जुनं हिरव्या पुस्तिकेचं, नवं इलेक्ट्रॉनिक, एका पानावर क्यूआर कोडसह. सरकारच्या 'भूमी' या नकाशा-संकेतस्थळावर तुकडा, हक्काचा प्रकार आणि मूल्यक्षेत्र, म्हणजे त्या भागातल्या जमिनीचा सरकारी अंदाजे भाव, फुकट दिसतं. दलालाने सांगितलेला भाव आधी तिथे ताडून पाहा. मग पीपीएटी, म्हणजे जमीनव्यवहाराचा अधिकृत नोंदणीकार, याच्याकडून सर्टिफिकाटची तपासणी करून घ्या. सरकारी फी ५० हजार रुपिया, आपल्या मोजणीत काही शे रुपये. बँकेचा बोजा किंवा वाद असेल तर तिथे कळतो. ही तपासणी 'नंतर करू' म्हणणाऱ्याशी पुढे बोलू नका.

या रांगेची आणखी एक गंमत, खरं तर डोकेदुखी: डोंगराचा माथा ओलांडला की प्रांत बदलतो. कुलोन प्रोगोकडे, म्हणजे योग्याकार्ता प्रांतात, सुलतानाची आणि पाकुआलाम या दुसऱ्या राजघराण्याची जमीन आहे. त्या जमिनीवर पिढ्यान्पिढ्या राहणाऱ्या घरालाही मालकी नाही, फक्त परवानगीचं 'ककंचिंगान' पत्र. या प्रांतात चिनी वंशाच्या इंडोनेशियन नागरिकांनाही १९७५ च्या सूचनेमुळे पूर्ण मालकी मिळत नाही. तुमचं काय घेऊन बसलात. दोन्हीकडे गावाची सामाईक जमीन आणि अधिकाऱ्यांना पगाराऐवजी दिलेली जमीन असते, ती विकता येत नाही. गावप्रमुखाने शिक्का मारून दिली तरी नाही. मागेलांगच्या बाजूला बोरोबुदुरभोवती २०१४ पासून बांधकामाचे वेगळे निर्बंध आहेत. आणि भातजमिनीला हात लावू नका. मालकाने त्याच तालुक्यात किंवा लगतच राहायचा नियम आहे आणि घरासाठी रूपांतर बहुधा अडतं. शेतकरी दाखल्याची कटकट माहीत असलेल्यांना जास्त सांगायला नको.

थोडक्यात, भाडेकरार करा, तोही इंडोनेशियात राहण्याचा परवाना हातात आल्यावर. आगमनावर मिळणारा ५ लाख रुपियांचा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच वाढतो. तो जागा बघण्यापुरता. करार नोटरीकडे. मालकाच्या बायकोची सही हवी, आणि जमीन वारशाची असेल तर सगळ्या वारसांची, नोकरीसाठी जकार्ताला गेलेल्या धाकट्याचीसुद्धा. तो एकटा पाच वर्षांनी उगवतो आणि वाद घालतो. मालक वारला किंवा त्याने जमीन विकली तरी करार चालू राहील, मुदतवाढीचा भाव कसा ठरेल, आणि भाड्यावरचा १० टक्के कर कोण भरणार, हे लिहून घ्या. सगळी वर्षं आगाऊ मागतील. निदान टप्पे पाडून घ्या.

जोडीदार इंडोनेशियन असेल तर गणित वेगळं, मालकी त्याच्या नावावर राहू शकते. त्यासाठी संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार लागतो. घटना न्यायालयाच्या निकालानंतर तो लग्नानंतरही करता येतो. खरेदीत घेणाऱ्याचा कर ५ टक्के (किमान सूट वजा करून), विकणाऱ्याचा अडीच, नोंदणीकाराचे जास्तीत जास्त १ टक्का.

घर बघताना भिंतीचा रंग बघू नका, कोपरे बघा. २७ मे २००६ च्या भूकंपात बांतुल जिल्ह्याकडे हजारो माणसं गेली, ती मुख्यतः विटांची बिनखांबी घरं कोसळून. पाया-पट्टी, कोपऱ्यांचे खांब आणि भिंतीच्या माथ्यावरची काँक्रीटची कडी, तिन्ही सलग हवेत: १० मिलिमीटरच्या चार सळ्या, ८ मिलिमीटरच्या रिंगा १५ सेंटिमीटरवर, आणि रिंगेची टोकं आत वळवलेली. उघड्या सळ्या दिसणारं अर्धवट बांधकाम मिळालं तर उत्तम, सगळं मोजता येतं. उतारावरच्या जागेत घोड्याच्या नालाच्या आकाराची भेग किंवा बुंध्याशी वाकलेली झाडं दिसली तर माती सरकते आहे.

पाणी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये तपासा. फेब्रुवारीत प्रत्येक झरा बारमाही असतो. वीजजोडणी ९०० व्हीए भाराची असेल तर ४ अँपिअरचा एमसीबी, म्हणजे भाताचा कुकर चालू असताना पंप सुरू केला की अंधार. १३०० करून घ्या, दर युनिटला १,४४४.७० रुपिया.

राहणीमान शांत, स्वस्त, आणि बांधून ठेवणारं. मुक्कामाला पाहुणा आला की चोवीस तासांत गल्लीच्या प्रमुखाला कळवायचं. रविवारी श्रमदान, रात्री गस्तीची पाळी. दाराशेजारी खिळ्याला एक प्लास्टिकचं भांडं टांगलेलं असतं, त्यात रोज मूठभर तांदूळ किंवा ५०० रुपियांचं नाणं टाकायचं. गस्तवाले ते गोळा करतात. ज्याचं भांडं रिकामं त्याची चर्चा होते. लग्नाच्या मोसमात आहेराच्या पाकिटांचा खर्च भाजीपाल्यापेक्षा जास्त होतो. शाकाहारींनी टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनची वडी) आणि तोफू मनसोक्त खावं. मिरचीच्या ठेच्यात मात्र बहुधा तरासी, म्हणजे आंबवलेली कोलंबी असते, आधी विचारा.

ग्रामकार्यालयात शुक्रवारी जाऊ नका, दुपारच्या नमाजामुळे काम अर्ध्यावर राहतं. मंगळवार-बुधवार सकाळी आठ-नऊला जा, आणि लेटर सीची वही तुमच्यासमोर उघडायला सांगा. झेरॉक्स चालत नाही.