खालून वर वाचला जाणारा पत्ता

माझी चौथीतली भाची गेल्या महिन्यात चिपळूणच्या आजीला पोस्टकार्ड लिहीत होती. पत्त्याखालच्या सहा चौकटींपाशी ती थांबली आणि तिने विचारले, "मावशी, चिपळूण लिहिलंय ना, मग हे आकडे कशाला?" प्रश्न रास्त होता. तिला सांगितले, ते तिच्या वयाच्या इतर मुलांसाठी येथे लिहून ठेवत आहे.

पत्ता आपण वरून खाली लिहितो: आधी नाव, मग घर, गल्ली, गाव आणि सर्वांत शेवटी पिनकोड. टपाल खाते मात्र तो खालून वर वाचते, कारण नागपुरात टपालाची वर्गवारी करणाऱ्या माणसाला आजीच्या नावाशी काही कर्तव्य नसते. हे कार्ड कोणत्या थैलीत टाकायचे, एवढेच त्याला हवे असते. चिपळूणचा पिनकोड 415605 आहे. त्यातल्या पहिल्या 4 वरून महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड हा विभाग कळतो. 415 म्हणताच साताऱ्यापासून रत्नागिरीपर्यंतचा पट्टा निश्चित होतो आणि 605 वरून चिपळूणचे टपाल कार्यालय सापडते. आजीचे नाव प्रथम लक्षपूर्वक वाचणारा माणूस म्हणजे थेट तिच्या गल्लीचा पोस्टमन. तो सकाळी आपल्या बीटची, म्हणजे नेमून दिलेल्या भागाची, पत्रे घरांच्या क्रमाने लावून घेतो आणि मगच बटवड्याला निघतो.

ही पद्धत 15 ऑगस्ट 1972 रोजी सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातील वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृत कवी होते. (आकडे आणि कविता एकाच माणसाला साधल्या, याचे मला फार कौतुक वाटते.) अडचण अशी होती की, पत्ते अनेक भाषांत आणि अनेक लिप्यांत लिहिलेले असत आणि एकाच नावाची ठिकाणे तर देशभर विखुरलेली आहेत. आपल्या नागपुरात सिव्हिल लाइन्स आहे, तशी दिल्लीत, कानपुरात आणि जयपुरातही आहे. वसतिगृहात असताना मी घाईघाईत एका पाकिटावर केवळ नाव, बंगल्याचा क्रमांक आणि 'सिव्हिल लाइन्स' एवढेच लिहिले होते. ते पाकीट कोठे गेले, हे मला आजतागायत कळलेले नाही.

मग भाचीने विचारले की, पिनकोड नव्हता तेव्हा काय करत. त्याच्याही फार आधी टपाल माणसे पायी नेत असत. हरकारा खांद्यावर थैली आणि हाती घुंगरू लावलेला भाला घेऊन धावे. घुंगरांच्या आवाजाने वाटेतली जनावरे दूर पळत आणि पुढच्या चौकीवरचा गडी तयार राही. पैशांचा मामलाही निराळा होता. अंतर वाढले की दर वाढे, आणि पुष्कळदा पैसे पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत. त्याने नकार दिला, तर सारी धावाधाव फुकट. पाठवणाऱ्याने पैसे आधीच भरल्याची खूण म्हणून तिकीट आले. इंग्लंडमध्ये ते 1840 साली निघाले आणि आपल्याकडे 1852 साली सिंध प्रांतात. सिंधच्या त्या तिकिटांतला एक प्रकार चक्क लाल लाखेचा होता. तो इतका ठिसूळ असे की हाताळताना त्याचे तुकडे पडत. त्यामुळे धड राहिलेली तिकिटे आज अतिशय दुर्मीळ आहेत. 1 ऑक्टोबर 1854 पासून देशभर एकच दर लागू झाला: पाव तोळा वजनाचे पत्र शेजारच्या गावी जावो की हजार मैलांवर, त्याला अर्धा आणा पडे. 1879 मध्ये पोस्टकार्ड आले, तेही पाव आण्यात.

रेल्वेचा भाग मला सर्वांत प्रिय आहे. धावत्या गाडीत टपालाचा स्वतंत्र डबा असे. त्यात भिंतभर खण असत आणि गाडी हेलकावे खात असताना माणसे उभ्याने एकेक पत्र योग्य खणात टाकत. म्हणजे गाडी आणि वर्गवारी दोन्ही एकाच वेळी पुढे सरकत. डब्याला बाहेरून एक फट असे. उशीर झालेला माणूस जादा तिकीट लावून फलाटावरूनच तीत पत्र टाकू शके.

हे सारे ऐकून झाल्यावर भाचीने सहाही चौकटी भरल्या आणि आम्ही कोपऱ्यावरच्या लाल पेटीत कार्ड टाकले. पेटी उघडण्याची वेळ तिच्यावरच लिहिलेली असते, हे तिने स्वतःच शोधून काढले.

काही दिवसांनी आजीचे उत्तर नागपुरात आमच्या धरमपेठेत आले. आजीने 440010 ऐवजी 440012 लिहिले होते. शेवटच्या 2 वर कोणीतरी लाल शाईने काट मारून शेजारी 0 काढला होता. भाचीने आजीचा मजकूर नंतर वाचला. आधी बराच वेळ ती तो लाल शून्यच पाहत बसली.