पानांपासून सक्युलंट : दसऱ्यापासून होळीपर्यंतची नोंद

पुण्यातल्या आमच्या पूर्वाभिमुख गॅलरीत यंदा ग्राप्टोपेटालम, स्नेक प्लांट आणि जेड या तिन्ही सक्युलंटची, म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांची, अभिवृद्धी (एका झाडापासून नवी रोपे करणे) एकदमच हाती घेतली. पावसाळी दमटपणा ओसरल्याशिवाय पाने काढायची नाहीत, हा माझा नेम आहे. कारण भाद्रपदातल्या हवेत जखम लवकर सुकत नाही आणि ओल्या जखमेतून बुरशी सहज शिरते. त्यामुळे कामाला हात घातला तो दसरा उलटल्यावर.

ग्राप्टोपेटालमचे पान काढताना ते चिमटीत धरून हलकेच डावी-उजवीकडे हलवले, की तळासकट अखंड सुटते. नवे रोप ज्या पेशींपासून फुटते, त्या पानाच्या अगदी तळाशी, खोडाला चिकटलेल्या जागी असतात. तो भाग खोडावरच राहिला, तर मुळे येऊनही बहुधा अंकुर येत नाही आणि पान बरेच दिवस हिरवे राहून शेवटी वाळते. त्यामुळे मुळे दिसली म्हणून मी पान ‘लागले’ असे धरत नाही, अंकुराची वाट पाहतो. पाने सावलीत उघडी ठेवून जखम सुकू दिली, मग जाड वाळू, विटांचा चुरा आणि थोडे कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) यांच्या मिश्रणावर नुसती आडवी मांडली. ही पाने मुळांवाचून इतका काळ तग धरतात, याचे कारण अशा सक्युलंटची पर्णरंध्रे (पानावरची सूक्ष्म छिद्रे) मुख्यतः रात्री उघडतात आणि दिवसा मिटलेली राहिल्याने पाणी फारसे उडून जात नाही. दिवाळीनंतर तळाशी गुलाबी, केसासारखी मुळे आली आणि त्यांच्या बुडाशी ज्वारीच्या दाण्याएवढा, राखाडी झाक असलेला पानांचा झुबका दिसू लागला. जुने पान सुरकुतत जाते तसतसे त्यातले पाणी या झुबक्याला मिळते. म्हणून ते आपणहून वाळेपर्यंत मी तोडत नाही.

स्नेक प्लांटचे गणित वेगळे आहे. याच्या पानाचे आडवे तुकडेही रुजतात, मात्र प्रत्येक तुकड्याची खालची बाजूच मातीत जायला हवी, म्हणून मी कापतानाच तिथे खाच करून ठेवतो. पिवळ्या कडेच्या ‘लॉरेंटी’ जातीच्या तुकड्यांना संक्रांतीनंतर कोंब आले आणि अपेक्षेप्रमाणे ते निव्वळ हिरवे आहेत. या जातीत पिवळ्या कडेच्या पेशी आणि आतल्या हिरव्या पेशी जनुकीयदृष्ट्या भिन्न असतात. नवा कोंब आतल्या हिरव्या भागातून निघतो, म्हणून कडा पुढे उतरत नाही. पिवळी कड हवी असेल, तर जमिनीखालचा कंद कोंबासकट वेगळा करणे हाच भरवशाचा मार्ग आहे, आणि विकत घेतलेले रोप पानापासून वाढवण्याआधी हे ठाऊक असणे मला फार गरजेचे वाटते.

जेडबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. आपल्या नर्सरीत ‘जेड’ म्हणून बहुधा पोर्टुलाकारिया आफ्रा मिळते, आणि तिच्या फांद्या जखम सुकवून लावल्या की सहज रुजतात.

सध्या ग्राप्टोपेटालमची रोपे छोट्या मातीच्या कुंड्यांत हलवली आहेत. पिठ्या ढेकूण ही पांढरी कीड पानांच्या बेचक्यात दडते, म्हणून प्रत्येक रोप भिंगाखाली तपासूनच लावले. चैत्रातले कडक ऊन कोवळ्या पानांना भाजते, त्यामुळे हिरवी जाळी आताच बांधून घेतली आहे आणि पाणी माती तळापर्यंत कोरडी झाल्यावरच देत आहे.