आल्सासच्या द्राक्षबागा: मुक्काम कोलमारला

फ्रान्समधला वाइनचा मुलूख पहिल्यांदाच पाहायचा असेल तर बोर्डोपेक्षा आल्सास निवडा. बोर्डोत नावाजलेल्या घराण्यांकडे बऱ्याचदा आधी वेळ ठरवावी लागते. इथे गावातल्या गल्लीतच तळघराचं दार असतं आणि चव बहुतेक वेळा खुद्द पिकवणाऱ्या घरातलंच कोणीतरी देतं.

आल्सासचा वाइनमार्ग १९५३ साली सुरू झाला. उत्तरेच्या मार्लेनहाइमपासून दक्षिणेच्या तानपर्यंत तो साधारण १७० किलोमीटर आहे. तो अख्खा गाडीने करायचा हट्ट धरू नका. रक्तात लिटरमागे ०.५ ग्रॅम अल्कोहोल ही तिथली मर्यादा आहे आणि सायकल चालवणाऱ्यालाही ती लागू होते. म्हणून मुक्काम कोलमारला करावा. स्ट्रासबुर्गहून तिथे रेल्वेने अर्धा तास लागतो. एका दिवसात दोनच गावं धरावीत, तीन म्हणजे धावपळ.

कोलमारमध्ये लाकडी चौकटीची रंगीत घरं आणि कालव्याकाठचे फोटो सगळेच काढतात. पण अर्धा दिवस उंटरलिंडेन संग्रहालयासाठी राखून ठेवा. ते मंगळवारी बंद असतं. तिथलं ईसेनहाइमचं वेदिचित्र जर्मन चित्रकार ग्र्युनेवाल्डने १५१२ ते १५१६ या काळात रंगवलं. ज्या मठासाठी ते केलं, तिथे राय धान्यावरच्या बुरशीमुळे होणाऱ्या विषबाधेच्या रुग्णांची शुश्रूषा होत असे. हे माहीत असलं की ख्रिस्ताच्या अंगावरच्या जखमांकडे नजर वेगळी जाते.

पायी फिरण्यासाठी रिकविर ते रिबोविले (वाटेत ह्युनाविर) हा टप्पा सर्वांत उत्तम. जेमतेम पाच किलोमीटर, तोही द्राक्षबागांमधून. रिकविरचा दोल्देर बुरूज १२९१ सालचा आहे. ह्युनाविरला वेलींच्या मधोमध तटबंदीचं चर्च उभं आहे. रिकविर दहाच्या आत गाठा, नंतर पर्यटकांच्या बस येतात. गावांच्या बस मोजक्याच आहेत आणि रविवारी आणखी कमी होतात, म्हणून परतीची वेळ आधी पाहून ठेवा. सप्टेंबरमध्ये खुडणी सुरू झाली की बागांमधल्या काही वाटा बंद ठेवतात. एगिसाइम कोलमारपासून सायकलच्या अंतरावर आहे. त्याच्या गल्ल्या एकात एक वर्तुळांसारख्या आहेत, त्यामुळे वाट चुकलात तरी फिरून तिथेच येता.

पश्चिमेकडून येणारा पाऊस व्होज डोंगर अडवतात, त्यामुळे कोलमार फ्रान्समधल्या सर्वांत कोरड्या शहरांपैकी एक आहे. पूर्वेकडच्या उतारांवर द्राक्षं सावकाश, भरपूर उन्हात पिकतात. म्हणून इथल्या पांढऱ्या वाइनपैकी रीसलिंगला आंबटपणाची धार असते आणि गेव्युर्त्सट्रामिनेरला लिचीचा, गुलाबाचा वास येतो.

चव घेताना क्रम पाळा: आधी सिल्व्हानेर किंवा पिनो ब्लां, मग रीसलिंग, पिनो ग्री, आणि गेव्युर्त्सट्रामिनेर शेवटी. उलटं केलंत तर गोडी आणि वास जिभेवर बसतात आणि नंतरची रीसलिंग पाणचट, आंबट लागते. दोष वाइनचा नसतो. थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही अनमान नाही. छोट्या घरी चव फुकट मिळाली तर निदान एक-दोन बाटल्या घ्याव्यात, तशी रीतच आहे. दुपारी बारा ते दोन जेवणाची सुट्टी असते. रविवारी बरीच तळघरं बंद असतात. गुड फ्रायडे आणि २६ डिसेंबर या सुट्ट्या फ्रान्समध्ये बहुतेक ठिकाणी नाहीत, पण आल्सासमध्ये आहेत.

गोडवा कळण्यासाठी लेबल वाचा. २०२१ च्या हंगामापासून तो छापणं सक्तीचं आहे: ‘सेक’ म्हणजे कोरडी, गोडवा जवळपास नसलेली, मग ‘देमी-सेक’, ‘मोएलो’, आणि ‘दू’ सर्वांत गोड. त्याआधीच्या बाटलीबद्दल विचारूनच घ्या. ‘व्हांदांज तार्दिव्ह’ म्हणजे उशिरा खुडलेल्या द्राक्षांची, बहुधा गोड वाइन, ती जेवणाबरोबर घ्यायची म्हणून उचलू नका.

शाकाहारी मंडळींनी तार्त फ्लाम्बे मागवताना ‘सां लार्दों’ असं स्पष्ट सांगावं. पातळ पोळीवर साय आणि कांदा दिसतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतातच. चीजवाला प्रकार मागवला म्हणून ते गळत नाहीत.

बाटल्या चेक-इन सामानातच न्याव्या लागतात. आल्सासची बाटली नेहमीच्या बाटलीपेक्षा उंच आणि निमुळती असते, त्यामुळे तयार पिशवीत मान बाहेर राहते आणि नेमकी तिथेच फुटते. मानेला जाड मोजे गुंडाळा आणि बाटली बॅगेच्या मधोमध, कपड्यांत आडवी ठेवा. भारतात माणशी दोन लिटर मद्य शुल्काविना आणता येतं, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. तिसरी आणली की मर्यादेवरच्या पाव लिटरवर शुल्क लागतं.