शिकवणं फुकट, मग वर्गणी कशाची?

"सोलरचं शिक्षण सरकार फुकट देतंय की हो सर. मग तुम्ही पैसे कशाला गोळा करताय?" पतसंस्थेच्या पायरीवर विचारतात, गणपती मंडळाच्या बैठकीत विचारतात, परवा इथं बेळगावात, टिळकवाडीत एका लग्नाच्या पंगतीतही विचारलं. मी पोरांना गच्चीवर सोलर पॅनेल बसवायला शिकवतो आणि त्यासाठी वर्गणी काढतो, त्यावरचा हा प्रश्न. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

सरकारी शिक्षण आहे आणि ते चांगलं आहे. 'सूर्यमित्र' हा ६०० तासांचा, साधारण तीन महिन्यांचा कोर्स २०१५ पासून चालतो. फी नाही, राहणं-जेवण त्यातच. आयटीआय झालेला पोरगा आला तर मी आधी तिकडंच पाठवतो. पण वडगाव-खासबागमधलं एखादं विणकराचं घर बघा. बाप यंत्रमागावर, पोरगा गवंड्याच्या हाताखाली. त्याची दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, ६०० रुपये धरा. कोर्सच्या पंच्याहत्तर दिवसांचा रोज बुडाला की त्या घरात येणारे ४५,००० रुपये थांबले. फी माफ झाली तरी हे ४५,००० त्या घरालाच सोसायचे असतात.

मला हे उशिरा कळलं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्स केलं, निवृत्त झालो आणि मंडळाच्या हॉलमध्ये पहिली तुकडी सुरू केली. बारा पोरं होती. त्यातल्या एकाचा हात असा, की त्यानं क्रिंप केलेली, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवलेली वायर ओढून बघायची गरज नसायची. एकोणिसाव्या दिवशी तो आला नाही. विसाव्यालाही नाही. घरी गेलो तर त्याची आई दारात उभी. म्हणाली, "शिकू दे की हो, मी कुठं नको म्हणते? पण बुधवारी कर्ज देणाऱ्या संघाचा हप्ता असतो. वसुलीची माणसं दारात येऊन बसतात." मी चहा न घेताच परतलो. हिशेबाच्या वहीत पॅनेल होतं, मल्टिमीटर होता, चहाचा खर्चसुद्धा होता. पोरांचा रोज कुठंच नव्हता.

तेव्हापासून वर्गणीतून पहिला खर्च पोरांच्या रोजाचा. दिवसाला ४०० रुपये, दर शनिवारी हातात. पूर्ण भरपाई होत नाही, पण रेशन आणि हप्ता निघतो. हे काही माझ्या डोक्यातून आलेलं नाही. २०२३ च्या पीएम विश्वकर्मा योजनेत सुतार, लोहार, कुंभार अशा अठरा प्रकारच्या कारागिरांना शिकताना दिवसाला ५०० रुपये मिळतात. शिकणाऱ्याचा रोज बुडतो हे तिथं मान्य आहे. त्या अठरांत सोलर बसवणारा नाही, एवढंच.

दुसरा खर्च सेफ्टी बेल्ट, हेल्मेट आणि अपघात विम्याचा. यात मी एक रुपया कमी करणार नाही. घरातली वायरिंग केलेला पोरगा मेन स्विच पाडला की वायर मेली असं समजतो. पॅनेलवर ऊन आहे तोवर ते जिवंतच असतं. दहा पॅनेल ओळीत जोडली की सहज ४०० व्होल्ट डीसी. घरातल्या वायरिंगमधला एसी करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, म्हणून त्याची ठिणगी विझते. डीसीची विझत नाही, कनेक्टर ओढाल तशी लांबत जाते. लोड चालू असताना कनेक्टर ओढायचा नाही, हे मी पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत सांगत असतो. त्यात आपली छपरं. खानापूरकडं मंगळुरी कौलं, पावसाळ्यात वर शेवाळ. पाय कौलावर द्यायचा नाही, खालच्या लाकडी रिपेचा अंदाज घेऊन द्यायचा. सपाट स्लॅबवर शिकलेल्याला हे ठाऊक नसतं, आणि घसरल्यावर कळून उपयोग नसतो.

तिसरा खर्च ऐकून काही जण नाराज होतात: कन्नड मास्तरांचं मानधन. पोरं मराठी शाळेतली. नेट मीटरचं, म्हणजे घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणाऱ्या मीटरचं काम हेस्कॉम या इथल्या वीज कंपनीच्या ऑफिसात, तिथला सगळा व्यवहार कन्नडमध्ये. बैलहोंगल-सौंदत्तीकडचं गिऱ्हाईकही कन्नडच बोलणार. सीमाप्रश्नावर माझं मत पहिल्यापासून आहे ते आहे, पण अर्ज वाचता येत नाही म्हणून पोरानं दुसऱ्याच्या मागं हेल्पर म्हणून फिरावं, हे मला बघवत नाही.

शिकून कामं मिळतात का, हेही विचारता. २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या गृहज्योती योजनेत घरांना २०० युनिटांपर्यंत वीज फुकट आहे, तेव्हा गरिबाच्या घरावर पॅनेल लगेच चढणार नाही. काम आहे ते मध्यमवर्गाच्या गच्चीवर, शाळा-दवाखान्यांवर, कारखान्यांच्या शेडवर. घरांच्या छपरावर सोलर बसवण्याच्या केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेचं लक्ष्य १ कोटी घरांचं आहे, आणि ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. कर्नाटकातल्याच पावगड्यासारखा २,०५० मेगावॅटचा सोलर पार्क एकदा उभा राहिला की पॅनेल धुणं, गवत काढणं आणि राखण उरते. गच्चीच्या कामाचं तसं नाही. प्रत्येक गच्ची वेगळी, प्रत्येक ठिकाणी माणूस लागतो. म्हणून मी पोरांना गच्चीचंच काम शिकवतो.

पुढची तुकडी दसऱ्यानंतर, पाऊस थांबला की. बारा जागा, एका पोराच्या रोजाचे, सगळ्या कोर्सचे मिळून, ३०,००० रुपये. सात जणांचे जमलेत. आठवी जागा त्या एकोणिसाव्या दिवशी गेलेल्या पोरासाठी धरली आहे. तो सध्या गोव्यात सेंट्रिंगच्या कामावर असतो. त्याच्या आईकडं निरोप दिलाय, आणि या वेळी शनिवारी हातात किती पडतील तेही सांगितलंय.